दातापुरता उरलेला मासा

सेराटोडस हे नाव माशांच्या जीवाश्मांवरच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या ग्रंथात भेटतं. पण त्या नावाखाली दीडशे-पावणेदोनशे वर्षांत नेमकं काय गोळा झालं हे बघायला गेलं, की हाती लागतात ते बहुतेक दातच. कवटीचे तुकडे अगदी थोडे, सबंध सांगाडा तर जवळजवळ नाहीच. इंग्लंडमधले दात, जर्मनीतले दात, अमेरिकेतले, आफ्रिकेतले आणि आपल्या नागपूरच्या दक्षिणेला प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातले दात. या दातांवरून एक अख्खी प्रजाती उभी राहिली, तिच्या पोटात डझनांनी जाती मांडल्या गेल्या, एकदा तर ही प्रजाती जिवंत सापडल्याची बातमी जगभर झाली, आणि पुढे ती जिवंत प्रजाती वेगळीच निघाली.

असा मासा पुस्तकाचा विषय कसा होऊ शकतो, असं कुणी विचारेल. डायनोसॉरसारखा तो अवाढव्य नाही. पाण्यातून जमिनीवर चढणारा आपला पूर्वज म्हणून त्याचं चित्र शाळेच्या भिंतीवर लागत नाही. तरीही तो निवडला, याचं कारण असं की जीवाश्मशास्त्र कसं चालतं, कुठे घसरतं आणि घसरल्यावर कसं सावरतं, हे सेराटोडसइतकं स्वच्छ दाखवणारा दुसरा मासा सापडणं कठीण. शितावरून भाताची परीक्षा करावी असं आपण म्हणतो, आणि सुतावरून स्वर्ग गाठू नये असंही म्हणतो. एका दातावरून मासा ओळखायचा तेव्हा आपण यातलं नेमकं काय करत असतो? या पुस्तकाचा सगळा प्रवास त्या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी या माशाचं कूळ. आज जगात जे मासे आहेत, बांगडा, रोहू, पापलेट, बोंबील, ते जवळजवळ सगळे किरणपर गटातले. त्यांचे पर म्हणजे पातळ काड्यांवर ताणलेला पडदा, आणि तो हलवणारे स्नायू शरीराच्या आत. दुसरा गट मांसल परांच्या माशांचा. यांच्या परांच्या आत हाडं असतात, त्या हाडांवर मांस असतं, आणि पर अंगापासून थोडा बाहेर येऊन वळू शकतो. एके काळी हा गट जोरात होता. आज त्यातल्या आठच जाती पाण्यात उरल्या आहेत: सीलाकांथच्या दोन आणि फुप्फुसमाशांच्या सहा. त्या सहांपैकी चार आफ्रिकेत, एक दक्षिण अमेरिकेत आणि एक ऑस्ट्रेलियात. पण याच गटाच्या एका शाखेतून चार पायांचे सगळे प्राणी आले. बेडूक, साप, चिमणी, गाय आणि आपण, हिशेबाने पाहिलं तर सगळे मांसल परांच्या माशांचेच वंशज. सेराटोडस हा या कुळातल्या फुप्फुसमाशांपैकी एक. त्याचा काळ सुरू होतो सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक कालखंडात. तो आपला पूर्वज नाही. आपल्या पूर्वजांच्या चुलत घराण्यातला मात्र आहे.

दातच का उरले, याचं उत्तर त्याच्या शरीराच्या घडणीत आहे. सुरुवातीच्या, डेव्होनियन काळातल्या फुप्फुसमाशांची कवटी आणि सांगाडा चांगला हाडाचा होता. पुढच्या पिढ्यांत हाड कमी होत गेलं आणि कूर्चा वाढत गेली. कूर्चा मऊ, मासा मेला की ती कुजून जाते, आणि डोक्यावरची पातळ हाडं सुटी होऊन प्रवाहात विखुरतात. दात मात्र टिकतात. फुप्फुसमाशाचे दात आपल्यासारखे एकेक सुटे नसतात. वरच्या टाळूला दोन आणि खालच्या जबड्याला दोन अशा चार जाड पट्टिका असतात. शिवाय वर पुढच्या बाजूला दोन छोटे, पात्यासारखे दात. एवढंच सगळं तोंड.

यातली एक पट्टिका हातात घेऊन बघण्यासारखी असते. साधारण त्रिकोणी आकार. आतल्या कोपऱ्यातून चार-पाच कंगोरे बाहेरच्या कडेकडे पसरत गेलेले. दोन कंगोऱ्यांमध्ये खोलगट दरी. वरच्या पट्टिकेचे कंगोरे खालच्या पट्टिकेच्या दऱ्यांत बसतात, त्यामुळे तोंड मिटलं की मधे सापडलेली गोगलगाय किंवा शिंपला फुटतोच. पृष्ठभागावर भिंगातून पाहिलं तर बारीक बारीक छिद्रं दिसतात. आत दातद्रव्याचे अतिशय कठीण स्तंभ असतात आणि त्यांच्या आजूबाजूचा भाग थोडा मऊ, म्हणून झीज सारखी होत नाही. ही पट्टिका गळून पडत नाही आणि तिच्या जागी नवी येत नाही. ती बाहेरच्या कडेला वाढत राहते आणि आतल्या बाजूने झिजत राहते, जन्मभर. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलात ती सुट्या टोकदार दातांच्या रांगा असते. वय वाढतं तशी ती टोकं जुळून कंगोरे होतात, आणि म्हाताऱ्या माशात कंगोरे झिजून बोथट होतात. थोडक्यात, एकाच माशाचा दात लहानपणी, तरुणपणी आणि म्हातारपणी तीन निराळ्या माशांचा वाटू शकतो. हे लक्षात ठेवलं की पुढचा बराच घोळ आपोआप उलगडतो.

या दातांना सेराटोडस हे नाव दिलं लुई अगासीने, 1830 च्या दशकात. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला राहणारा हा तरुण प्राध्यापक युरोपभरचे संग्रह पालथे घालत होता, आणि 1833 ते 1843 या दहा वर्षांत त्याचा माशांच्या जीवाश्मांवरचा मोठा ग्रंथ भागाभागाने छापून निघाला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ सेव्हर्न नदीच्या काठाला ऑस्ट नावाचा कडा आहे. खाली लाल, वर हिरवट मातीखडकाचे थर, आणि माथ्याच्या जवळ हाडं, दात, खवले यांनी खच्चून भरलेला एक पातळ थर. हा थर ट्रायासिकच्या अगदी अखेरचा. भरतीच्या लाटांनी कड्याचे तुकडे खाली पडत आणि हौशी मंडळी त्यातून दात वेचत. त्या संग्रहांतले दात अगासीपुढे आले. शिंगासारखे वळलेले कंगोरे पाहून त्याने त्यांना शिंगदाती असं नाव दिलं, आणि ते शार्कांच्या पंगतीत बसवले. शिंपले फोडणारे बोथट दात असलेले शार्क त्याला माहीत होते. त्यामुळे हाही तसलाच कुणी असावा, हा तर्क त्या वेळच्या माहितीला धरूनच होता. शिवाय ऑस्टच्या त्या एकाच थरातल्या दातांमधले बारीकसारीक फरक धरून त्याने बऱ्याच जाती पाडल्या. पुढच्या अभ्यासकांनी त्यातल्या बहुतेक पुन्हा एकत्र केल्या, कारण ते फरक वयाचे आणि झिजेचे होते.

गंमत अशी की अगासीचा ग्रंथ छापून येत होता त्याच दशकात जिवंत फुप्फुसमासे युरोपात पोहोचत होते. दक्षिण अमेरिकेतला लेपिडोसायरेन आणि आफ्रिकेतला प्रोटॉप्टेरस, दोन्ही 1836 ते 1839 च्या दरम्यान विद्वानांच्या टेबलावर आले. त्यांना फुप्फुसं होती आणि कल्लेही होते. अंगावर खवले होते, पर मात्र दोऱ्यासारखे बारीक. हे मासे की उभयचर, यावर वाद झडले. डार्विनने 1859 च्या आपल्या ग्रंथात लेपिडोसायरेन आणि प्लॅटिपस यांच्यासाठी जवळजवळ जिवंत जीवाश्म अशी शब्दयोजना केली आणि ती पुढे जगभर रूढ झाली. पण या दोन माशांचे दात धारदार, कातरण्याजोगे, ऑस्टच्या दातांपेक्षा बरेच निराळे. त्यामुळे सेराटोडसचं कोडं त्यांनी पुरतं सोडवलं नाही.

ते सुटलं 1870 साली, सिडनीत. जेरार्ड क्रेफ्ट हा जर्मनीतून आलेला माणूस तिथल्या ऑस्ट्रेलियन म्युझियमचा अभिरक्षक होता. विल्यम फॉर्स्टर हा न्यू साउथ वेल्सचा राजकारणी. एकदा त्या वसाहतीचं पंतप्रधानपदही भूषवलेला आणि क्वीन्सलंडच्या बर्नेट नदीकाठी गुरांचे मळे सांभाळलेला. तिथल्या नदीत एक मोठा मासा मिळतो, त्याचं मांस लालसर असतं, म्हणून वसाहतीतले गोरे त्याला बर्नेटचा सामन म्हणतात, असं फॉर्स्टर क्रेफ्टला सांगत असे. त्या माशाच्या घडणीचं वर्णन ऐकून क्रेफ्टचा विश्वास बसला नव्हता. अखेर फॉर्स्टरच्या एका नातलगाने तिकडून खारवलेले मासे पाठवले. क्रेफ्टने तोंड उघडून पाहिलं, तर आत चार कंगोरेदार पट्टिका आणि पुढे दोन छोटे दात. अगासीच्या ग्रंथातल्या चित्रांचे ते दात त्याच्या पुढ्यात होते, आणि त्यांच्याभोवती अख्खा मासा होता. जानेवारी 1870 मध्ये सिडनी मॉर्निंग हेरल्ड या दैनिकात त्याचं पत्र छापून आलं. जातीला त्याने फॉर्स्टरचंच नाव दिलं, सेराटोडस फॉर्स्टेरी. ज्या माणसाचं म्हणणं आपण इतके दिवस खरं मानलं नाही, त्याची ही जाहीर भरपाई.

क्रेफ्टच्या त्या दिवसाचं मोल पुष्कळदा निराळ्याच कारणासाठी सांगितलं जातं: मेलेला समजलेला मासा जिवंत सापडला म्हणून. माझ्या मते खरी गोष्ट उलटी आहे. क्रेफ्टने जिवंत मासा ओळखला तो मेलेल्याच्या दातांवरून. आणि अगासीचे दात शार्कचे नाहीत हे कळलं ते जिवंत माशावरून. दोन्ही बाजूंनी हात लागल्याशिवाय हे काम झालं नसतं. शितावरून भाताची परीक्षा होते ती शीत त्याच भांड्यातलं आहे याची खात्री असते म्हणून. 1870 पूर्वी सेराटोडसचं भांडंच कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून अगासीसारख्या तोलाच्या माणसाच्या हातीही सूतच आलं. क्रेफ्टने भांडं दाखवलं.

क्रेफ्टचं पुढे वाईट झालं. संग्रहालयाच्या विश्वस्तांशी त्याचं बिनसलं, 1874 मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. तो खुर्ची सोडेना, तेव्हा भाडोत्री पहिलवान बोलावून त्याला खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवलं. 1881 मध्ये तो वारला. या पुस्तकातलं एक प्रकरण त्याच्यावर आहे.

इकडे लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये अल्बर्ट गुंथरने या माशाचं सविस्तर विच्छेदन करून 1871 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. दातांपुरता उरलेल्या प्राण्याचं आतलं सगळं आता दिसू लागलं. एकच फुप्फुस, त्याच्या जोडीला चांगले काम करणारे कल्ले, मोठे जाड खवले, आणि परांच्या मधोमध हाडांसारखी कूर्चेच्या तुकड्यांची रांग, तिच्या दोन्ही बाजूंना काड्या. हा पर पाहून जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल गेगेनबाउर याने मांडलं की सगळ्या हातापायांचा मूळ नमुना हाच. ती मांडणी पुढे मागे पडली. आपल्या हातांची घडण या जातीच्या परांपासून नव्हे, तर युस्थेनॉप्टेरॉनसारख्या, दंडाचं एक आणि पुढे दोन अशी हाडं असलेल्या माशांच्या परांपासून जास्त चांगली समजते. पण तिच्यामुळे बर्नेट नदीचं नाव युरोपातल्या प्रयोगशाळांत पोहोचलं आणि माणसं तिथे येऊ लागली. केंब्रिजचा विल्यम कॉल्डवेल आला. या माशाची अंडी आणि प्लॅटिपसची अंडी अशा दोन्ही गोष्टींच्या तो मागावर होता. प्लॅटिपस खरोखरच अंडी घालतो, ही त्याची तार 1884 मध्ये मॉन्ट्रियलला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत वाचली गेली. त्यामागोमाग 1891 मध्ये जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलचा शिष्य रिचर्ड झेमोन आला आणि त्याने या माशाच्या गर्भवाढीचा टप्प्याटप्प्याने अभ्यास केला. दोघांच्याही यशामागे तिथल्या मूळ रहिवाशांचे हात होते. नदीच्या कुठल्या वळणावर, कुठल्या पाणवनस्पतीला अंडी चिकटलेली असतात हे त्यांना माहीत होतं, आणि पाण्यात उतरून शोधणारेही तेच होते. ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर त्यांची नावं आली नाहीत.

नदीकाठच्या थट्टेचाही या कथेत वाटा आहे. गेंडा गावी एका संग्रहालयाच्या अधिकाऱ्यापुढे सकाळच्या फराळाला एक चमत्कारिक मासा ठेवला गेला. लांब चपटी चोच, अंगावर मोठाले खवले. त्याने खाण्यापूर्वी त्याचं चित्र काढवून घेतलं, आणि त्या चित्रावरून मेलबर्नचा फ्रेंच वाणिज्यदूत आणि मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस द कास्टेलनो याने 1879 मध्ये ओम्पॅक्स नावाची नवी प्रजातीच जाहीर केली. तो मासा वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे जोडून केलेला होता. याच कास्टेलनोने तीन वर्षं आधी, 1876 मध्ये, निओसेराटोडस हे नाव योजलं होतं, आणि ते मात्र टिकलं. जिवंत ऑस्ट्रेलियन मासा आणि ऑस्टचा जीवाश्म हे जवळचे असले तरी एका प्रजातीत बसण्याइतके जवळचे नाहीत, हे ठरत गेलं आणि क्रेफ्टचा मासा निओसेराटोडस फॉर्स्टेरी झाला. सेराटोडस पुन्हा केवळ दगडातला उरला.

आता आपल्या दाराशी. नागपूरला 1845 मध्ये स्टीव्हन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी आला. पुढे रॉबर्ट हंटर हा त्याचा सहकारी आला. दोघांनाही दगडांचं वेड. धर्मप्रसाराच्या फेऱ्यांत त्यांनी नागपूरच्या आसपासचे आणि दक्षिणेकडचे खडक पाहिले, जीवाश्म गोळा केले आणि 1855 मध्ये त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. नागपूरच्या दक्षिणेला, तेव्हाच्या निजामाच्या मुलखात आणि आजच्या तेलंगणातल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, मालेरी नावाचं गाव आहे. तिथल्या तांबड्या मातीखडकांतून जे दात आले ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा पहिला प्रमुख थॉमस ओल्डहॅम याच्याकडे गेले. 1859 मध्ये सर्वेक्षणाच्या मेमॉयर्सच्या पहिल्याच खंडात त्याने ते सेराटोडसचे म्हणून नोंदवले आणि तीन जाती केल्या: हिस्लॉपियानस, हंटेरियानस आणि विरापा. तारीख ध्यानात घेण्यासारखी आहे. क्रेफ्टच्या पत्राला अजून अकरा वर्षं होती. म्हणजे जिवंत माशाचा पत्ता नसताना नागपूरच्या दक्षिणेचा सेराटोडस ग्रंथात दाखल झाला होता.

हिस्लॉपला पुढचं काहीच पाहता आलं नाही. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटहून परतताना बोरीजवळ रात्री ओढा ओलांडत असता तो वाहून गेला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज 1883 मध्ये त्याच्या नावाने सुरू झालं. पण त्या नावाचा एक दातही आहे, हे कॉलेजच्या फाटकातून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? क्रेफ्टच्या शोधानंतर मालेरीच्या दातांकडे नव्या नजरेने पाहणं शक्य झालं, आणि ते काम लुई काँप्टन मियाल याने केलं. 1878 मध्ये त्याने सेराटोडस प्रजातीवर, मालेरीच्या दातांचा खास विचार करून, लिहिलेला प्रबंध सर्वेक्षणाच्या पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका मालेत निघाला. पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूशास्त्र विभागाने प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात पद्धतशीर उत्खनन सुरू केलं, आणि त्यातून एस. एल. जैन यांनी 1968 मध्ये मालेरीच्या सेराटोडसचे टाळूच्या पुढच्या भागातले छोटे दात वर्णन करून छापले. मोठ्या पट्टिका सगळ्यांनाच सापडतात. हे पात्यासारखे इवलेसे दात चाळणीतून माती गाळल्याशिवाय हाती लागत नाहीत. एवढ्या चिकाटीमागे साधं कारण होतं: हे दात असलेच पाहिजेत, हे जिवंत माशाने आधीच सांगून ठेवलं होतं.

मालेरीचा एक दात काय काय सांगू शकतो? दात गोड्या पाण्यातल्या माशाचा, म्हणजे तिथे नद्या किंवा तळी होती. कंगोरे फोडण्यासाठी, चिरडण्यासाठी घडलेले, आणि त्याच थरांत शिंपल्यांचे जीवाश्मही आहेत. त्याच थरांत मगरीसारखा लांब तोंडाचा पॅरासुकस हिस्लॉपी आहे, चोचीसारखं तोंड असलेला शाकाहारी हायपरोडापेडॉन आहे, मोठ्या चपट्या डोक्याचे उभयचर आहेत, आणि मोठ्या संख्येने सापडणारे विष्ठेचे दगड झालेले गोळे आहेत. तांबडी माती आणि चुनखडीचे खडे कोरड्या-ओल्या ऋतूंची साक्ष देतात. या सगळ्यांत दात हा एक साक्षीदार. एकट्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही, पण इतरांशी त्याचा मेळ बसतो तेव्हा बावीस-तेवीस कोटी वर्षांपूर्वीची नदी डोळ्यांपुढे उभी राहते. त्या वेळी भारत दक्षिणेकडच्या मोठ्या भूखंडाचा भाग होता आणि जगातली बहुतेक जमीन एकमेकींना चिकटलेली होती. गोड्या पाण्यातला मासा जर्मनीत, इंग्लंडात आणि गोदावरीच्या खोऱ्यात कसा, या प्रश्नाचं उत्तर त्या जोडलेल्या जमिनीत आहे. भूखंड सरकतात हे सर्वमान्य होण्याच्या कितीतरी आधी हे दात ओल्डहॅमच्या टेबलावर होते. त्यांची पूर्ण साक्ष वाचायला शंभर वर्षं लागली.

या यशाची एक बाजू अशी की सेराटोडस हे नाव हळूहळू सोयीचं झालं. कंगोरेदार पट्टिका सापडली, जवळपास दुसरं काही नाही, की लावा सेराटोडसचा शिक्का. अमेरिकेत ओथनील मार्शने 1878 मध्ये ज्युरासिक खडकांतल्या एका दाताला गुंथरच्या नावाने सेराटोडस गुंथेरी म्हटलं. त्या माशाची कवटी अभ्यासाला मिळाली तेव्हा तो निराळा ठरला, आणि 2010 मध्ये त्याला पोटामोसेराटोडस असं नवं घर मिळालं. ऑस्ट्रियातल्या लुन्झच्या एका जातीचंही असंच झालं. आपल्या मालेरीच्या काही जातीसुद्धा आता टायकोसेराटोडस या दुसऱ्या प्रजातीत धरल्या जातात. कंगोऱ्यांचे कोन, त्यांची संख्या, दाताच्या आतली सूक्ष्म घडण हे मोजायला लागल्यावर जुनं एकत्र कुटुंब वेगळं व्हायला लागलं. मग सेराटोडस उरतो तरी किती, असा प्रश्न काही अभ्यासकही विचारतात. या पुस्तकात त्याचं ठाम उत्तर दिलेलं नाही. पण कुठली जात कुठे गेली आणि का गेली, हे एका प्रकरणात एकेक दात घेऊन दाखवलं आहे. प्रजाती म्हणजे निसर्गाने करून ठेवलेले खोके नाहीत. ती आपण पुराव्यावर केलेली मांडणी असते, पुरावा वाढला की तिला हलावं लागतं. हे कमीपणाचं लक्षण नाही, शास्त्र चालू असल्याचं आहे.

जिवंत जीवाश्म या शब्दावरही एक प्रकरण आहे. निओसेराटोडस कोट्यवधी वर्षं जसाच्या तसा राहिला असं सर्रास लिहिलं जातं. दात फारसे बदलले नाहीत हे खरं. ऑस्ट्रेलियातल्या लायटनिंग रिजच्या क्रिटेशियस खडकांतले काही दात तर याच जातीचे म्हणून वर्णिले गेले आहेत. पण दात बदलले नाहीत म्हणजे मासा बदलला नाही, हे पुन्हा सुतावरून स्वर्ग गाठणंच झालं. 2021 मध्ये नेचर या नियतकालिकात या माशाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. तो सुमारे 43 अब्ज अक्षरांचा आहे, माणसाच्या जवळजवळ चौदा पट. तो फुगला आहे तो प्रामुख्याने स्वतःच्या प्रती काढत जाणाऱ्या तुकड्यांमुळे. दाताच्या आड इतकी उलथापालथ चालू असेल हे दगडावरून कधीच कळलं नसतं. त्याच अभ्यासाने चार पायांच्या प्राण्यांचे आज जिवंत असलेले सर्वांत जवळचे माशांतले नातेवाईक फुप्फुसमासेच आहेत, यालाही बळ दिलं.

आणि तो जिवंत मासा तरी सुखात आहे का? मूळचा तो मेरी आणि बर्नेट या नद्यांचा. मेरी नदीच्या काठच्या गबी-गबी लोकांना तो पूज्य. 2003 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. तरीही 2005 मध्ये बर्नेटवर पॅराडाइज धरण उभं राहिलं. मेरी नदीवरच्या ट्रॅव्हस्टन क्रॉसिंग धरणाला मात्र 2009 मध्ये परवानगी नाकारली गेली, आणि त्या निर्णयामागच्या कारणांत हा मासाही होता. शिकागोच्या शेड मत्स्यालयात 1933 मध्ये आणलेला असाच एक मासा 2017 पर्यंत जगला. इतकं दीर्घ आयुष्य असलेल्या प्राण्याचं एक फसवं असतं: नदीत मोठे मासे दिसत राहतात, म्हणून सगळं ठीक वाटतं, पिल्लं जगत नाहीत हे कळायला वर्षं जातात.

आता पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. पहिल्या भागात दात, त्यांची घडण आणि वाढ. दुसऱ्यात माणसं: अगासी, क्रेफ्ट, गुंथर, झेमोन, हिस्लॉप, ओल्डहॅम, मियाल. तिसऱ्यात थर: ऑस्ट, मालेरी आणि इतर ठिकाणं. चौथ्यात नावांचे वाद आणि जिवंत मासा. जीवशास्त्राचं शिक्षण न घेतलेल्या वाचकाला अडू नये म्हणून परिभाषा कमीत कमी ठेवली आहे. जिथे लागलीच तिथे मराठी विश्वकोशाच्या वळणाने जाती आणि प्रजाती हे शब्द वापरले आहेत, प्रजाती मोठी आणि तिच्या पोटात जाती. परदेशी नावं उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत. घाई असलेल्याने दुसरा भाग आधी वाचायला हरकत नाही, पण दातांचा पहिला भाग टाळू नये. तो टाळला तर पुढचे वाद पोकळ वाटतील.

चंद्रपूर, गडचिरोली आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या वाचकांशी एक गोष्ट बोलायची आहे. मालेरीचे खडक राज्याची सीमा पाहून थांबत नाहीत. सिरोंचा परिसरात प्राणहितेच्या दोन्ही काठांना जुन्या जीवांचे अवशेष असलेले थर आहेत. तिथे नांगरताना, विहीर खणताना किंवा ओढ्याच्या दरडीत कंगोरे असलेला गुळगुळीत खडा दिसला, तर तो उचलून खिशात टाकू नका. जागेचा फोटो घ्या, शेजारी मापासाठी नाणं ठेवा, कुठल्या रंगाच्या थरात आणि किती खोलीवर आहे ते लिहून ठेवा, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. थर हरवलेला दात म्हणजे पत्ता फाडून टाकलेलं पाकीट. एकोणिसाव्या शतकात असे पुष्कळ दात नुसतेच गोळा झाले आणि त्यांची साक्ष अर्धवट राहिली. जातींची नावं पुढेही बदलत राहतील, आजची मांडणी उद्या चुकीची ठरेल. पण नीट नोंदलेला दात कुठल्याही मांडणीत उपयोगी पडतो. हिस्लॉपकडे ना कॅमेरा होता ना नकाशे. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये दोन्ही आहेत.